बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या आकड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा तालुक्यातलं गाव आमचं. दिवसा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, संध्याकाळी समाजमंदिरात पोट्ट्यांचा गणिताचा क्लास. मागच्या हिवाळ्यात तुरीचे दाणे घेऊन पटाची गोष्ट सांगितली आणि फळ्यावर हा वीस अंकी आकडा लिहिला, अन् तवापासून जो भेटतो तो याच्यावरच काहीतरी विचारून राहिला. पोट्टे विचारतात, त्यांचे बाप विचारतात, एक जण तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आला आणि अवयव विचारून गेला, दाखल्याचं राहूनच गेलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

हा आकडा आला कुठून बाप्पा?

जुनी गोष्ट आहे, घराघरात थोडी थोडी वेगळी सांगतात. राजा खूश झाला, बुद्धिबळ शोधणाऱ्याला म्हणाला माग काय पाहिजे ते. तो म्हणाला, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट करत चौसष्ट घरं भरून द्या, बाकी काही नको. राजा हसला. मग कारकुनानं हिशेब केला आणि हसू गेलं.

सगळ्या घरांची बेरीज म्हणजे हा आकडा. गणिताच्या भाषेत २ चा ६४ वा घात, त्यातून १ वजा.

वाचायचा कसा याले?

एक कोटी चौऱ्याऐंशी लाख शेहेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस लाख कोटी, आणि वरून सात हजार तीनशे सत्तर कोटी पंच्याण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा. दम लागतो ना? जुन्या लोकांकडे याच्यासाठी शब्द होते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत, परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्य. तिथं यादी संपते. आपला आकडा १८४ परार्ध आणि वर काही, म्हणजे यादी संपली तरी हा संपत नाही.

मोठा म्हणजे किती मोठा, शेतकऱ्याला समजंल असं सांगा

तुरीचे शंभर दाणे सोनाराच्या काट्यावर ठेवले तर साधारण दहा ग्रॅम भरतात, वाणावर थोडं कमीजास्त. म्हणजे एका क्विंटलमध्ये दहा लाख दाणे धरा. आता पट पाहा. अकराव्या घरात १०२४ दाणे, म्हणजे शंभर ग्रॅम, एका वरणाची डाळ. एकविसाव्या घरात साडेदहा लाखाच्या जवळ, म्हणजे एक क्विंटल अन् वर पाचेक किलो. एकतिसाव्या घरात हजार क्विंटलच्या वर. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं मिळून ४२९४९६७२९५ दाणे, हे झाले ४२९५ क्विंटल, दहा टनी ट्रक धरले तर त्रेचाळीस ट्रक. इथपर्यंत राजा मोठा असला तर देऊन टाकेल, रांगेत ट्रक उभे राहतील यार्डाच्या बाहेर, बस.

खरी गंमत उरलेल्या अर्ध्या पटाची आहे. पूर्ण पटाचे होतात १८ लाख कोटी क्विंटलच्या वर. गव्हात मोजा वाटलं तर हजार दाण्यांचे ४० ग्रॅम धरून साधारण ७३ हजार ८०० कोटी टन, आणि सगळ्या जगात गहू पिकतो वर्षाला ८० कोटी टनाच्या आसपास. म्हणजे सगळ्या जगानं नऊशे वर्षं गहू पिकवून एकही पोळी न खाता राजाच्या कोठारात टाकायचा.

शेवटी एक वजा काहून करायचा?

हा प्रश्न सातवीतल्या पोरीनं विचारला आणि मला लय आवडला, कारण मोठे लोक सूत्र पाठ करतात आणि विचारतच नाहीत. असं पाहा. पट भरायच्या आधी शेजारणीकडून एक दाणा उसना आणला. पहिल्या घरात एक दाणा, उसना एक, झाले दोन. दुसऱ्या घरातले दोन मिळवले, झाले चार. तिसऱ्याचे चार मिळवले, आठ. दर वेळी जेवढं जमलं तेवढेच पुढच्या घरात येतात, म्हणून ढीग दुप्पट होत जातो. चौसष्ट घरं झाली की ढीग बरोबर २ चा ६४ वा घात. आता शेजारणीचा दाणा परत द्या. तो एक वजा म्हणजे हा उसना दाणा, दुसरं काही नाही.

याचे मूळ अवयव कोणते?

सात आहेत, आणि कोणताही दोनदा येत नाही:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

पहिले चार गुणले तर ६५५३५ येतात, त्याला ६५५३७ नं गुणलं की ४२९४९६७२९५, म्हणजे वर आला तो अर्ध्या पटाचा ढीग. आणि ६४१ ला ६७००४१७ नं गुणलं की ४२९४९६७२९७. अर्ध्या ढिगापेक्षा फक्त दोन जास्त. हे आपोआप जुळून आलेलं नाही, खाली सांगतो.

वीस अंकी आकड्याचे अवयव तुम्ही हातानं काढले म्हणता, फेकून राहिले काय भाऊ?

नाही फेकत. सरळ रस्त्यानं गेलो असतो तर फेकच झाली असती, कारण एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या वर्गमुळापर्यंत भागून पाहावं लागते, आणि याचं वर्गमूळ ४२९ कोटीच्या वर जाते. सेकंदाला एक भागाकार केला, झोप नाही जेवण नाही, तरी १३६ वर्षं.

पण हा आकडा कसाही उचललेला नाही ना, त्याला घडण आहे. पोट्ट्यांना मी असं समजावलं. ११११११११ हा आठ एकांचा आकडा घ्या. मधोमध रेघ मारा, ११११ आणि ११११. म्हणजे हा ११११ गुणिले १०००१. झालं, अवयव मिळाले, भागाकार केलाच नाही. ११११ ची परत मधोमध रेघ, ११ गुणिले १०१. (असल्या एकांच्या आकड्यांचं वेड आपल्या महाराष्ट्रात देवळालीच्या कापरेकर मास्तरांना होतं, त्यांच्या डेम्लो संख्या याच कुळातल्या, पण तो विषय निघाला तर आज जेवायला घरी जाणं होणार नाही.)

आपला आकडा कॉम्प्युटरच्या दोन अंकी पद्धतीत लिहिला तर नुसते चौसष्ट एक आहेत, शून्य एकही नाही. मधोमध रेघ मारा, बत्तीस आणि बत्तीस. म्हणजे अर्ध्या पटाचा ढीग गुणिले ४२९४९६७२९७. मग बत्तीसचे सोळा सोळा, सोळाचे आठ आठ, आठाचे चार चार, चारचे दोन दोन, दोनाचा एक एक. सहा घाव आणि हातात आलं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

३, ५, १७, २५७ तर पोट्टेच तपासतात. ६५५३७ साठी २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा, एक रविवार पुरते. राहिला शेवटचा दहा अंकी, आणि इथं मोठमोठे चुकले.

कोण चुकलं?

फर्मा. फ्रान्समधला, पेशानं न्यायखात्यातला माणूस, गणित त्याचा फावल्या वेळचा छंद. वरच्या सहा संख्या पाहा, ३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७. पहिली सोडली तर प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक दोन. ३ अधिक २, ५. ३ × ५ अधिक २, १७. ३ × ५ × १७ म्हणजे २५५, अधिक २, २५७. पहिल्या पाच मूळ आहेत, म्हणून १६४० च्या सुमारास तो म्हणाला की या सगळ्याच मूळ असणार, पुढे कितीही जा. शंभर वर्षांच्या आसपास कोणी खोडलं नाही. मग १७३२ मध्ये ऑयलर नावाच्या स्विस गणितीनं दाखवलं की सहावीच फुटते, ६४१ नं. आणि आजपर्यंत पहिल्या पाचांच्या पुढची एकही मूळ सापडलेली नाही! जेवढ्या तपासून झाल्या तेवढ्या सगळ्या फुटल्या. पाच बरोबर आले म्हणून सहावा बरोबर येईल असं धरायचं नसते, आमच्याकडे कापसाचे पाच बोंडं फोडून अख्ख्या वावराचा अंदाज सांगणारे आहेत, त्यांना मी हीच गोष्ट सांगतो.

ऑयलरले ६४१ सुचला कसा? नशीब?

नशीब नाही. त्यानं विचार केला की जो मूळ अवयव असेल तो कसा दिसला पाहिजे. समजा एक मूळ संख्या ४२९४९६७२९७ ला पूर्ण भागते. त्या संख्येनं २ च्या घातांना भागत बाक्या लिहीत जा: १, २, ४, ८ असं दुप्पट होत जाते, मग बाकी गुंडाळत गुंडाळत कधीतरी परत १ वर येते, मोटेच्या नाड्यावर बैल जसे ये-जा करून परत त्याच जागी येतात तसं. या संख्येपुरतं ते चक्र बरोबर ६४ पावलांचं निघते, कारण ३२ व्या पावलावर बाकी उणे एक आहे (म्हणजे पूर्ण भाग जायला एकच कमी), मग तिचा वर्ग केला की अधिक एक. आणि चक्राची लांबी, मूळ संख्येतून १ वजा केला की जे येते त्याला पूर्ण भागते, हा नियम आहे. आता मजा पाहा, हा नियम खुद्द फर्माचाच. हत्यार घरात होतं, वापरलं नाही.

म्हणजे अवयव ६४ च्या पाढ्यात एक मिळवून जे येते त्यातलाच पाहिजे. लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त पाच, १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते. ४२९ कोटीच्या आकड्याला पाच भागाकार!

तपासायला दहा अंकी भागाकारही लागत नाही. फळ्यावर तीन ओळीत होते, माझ्या क्लासातल्या आठवीच्या पोरानं केलं:

२५६ चा वर्ग ६५५३६, त्याला ६४१ नं भागा, बाकी १५४.
१५४ चा वर्ग २३७१६, परत ६४१ नं भागा, बाकी ६४०.
आता १ मिळवा, ६४१. पूर्ण भाग गेला.

२५६ म्हणजे २ चा आठवा घात, एकदा वर्ग केला की सोळावा, परत केला की बत्तीसावा, म्हणून. पोरगा खडू खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला, म्हणे सर एवढंच? हाव, एवढंच.

मग ६७००४१७ मूळच आहे कशावरून? तो पण फुटत असंल

विचारणारा पक्का गणिती आहे. बहुतेक जण इथं "असेल बुवा" म्हणून सोडतात.

६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या थोडं वर. म्हणजे तिथपर्यंतच्या मूळ संख्या पाहायच्या, पण सगळ्या नाही. याला जो भागंल तो ४२९४९६७२९७ लाही भागंल, म्हणून वरचाच नियम लागू होतो, आणि १८७८ मध्ये लुकास नावाच्या फ्रेंच गणितीनं तो अजून आवळला, ६४ च्या ऐवजी १२८ च्या पाढ्यात एक मिळवून. म्हणजे १२९, २५७, ३८५ करत २५६१ पर्यंत फक्त वीस संख्या. त्यातल्या मूळ पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद, कारण फर्माच्या या संख्यांत कोणत्याही दोघींचा सामाईक अवयव नसतो. राहिले चार भागाकार:

६४१ नं बाकी ४४, ७६९ नं १२०, ११५३ नं ३३४, १४०९ नं ६२२.

एकानंही भाग गेला नाही, विषय संपला, मूळ आहे. चार भागाकार वहीच्या एका पानावर बसतात, विश्वास नसेल तर करून पाहा, मी दोनदा केले कारण पहिल्यांदा ७६९ च्या पाढ्यात हातचा विसरलो आणि बाकी भलतीच आली.

एकूण विभाजक किती?

१२८. सात मूळ अवयव, प्रत्येक घ्यायचा किंवा नाही घ्यायचा, दोनाचा सातवा घात. त्यात १ आणि स्वतः आकडा दोन्ही आले.

७ नं, ९ नं, ११ नं भाग जाते का?

नाही. ७ नं बाकी १, ९ नं बाकी ६, ११ नं बाकी ४. अंकांची बेरीज ८७ येते, ८७ ला ३ नं भाग जाते पण ९ नं नाही, म्हणून ३ एकदाच आला.

याच्या शेजारचे आकडे पण असेच सोपे फुटतात का?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. तीन शेजारी पाहा, शेवटचा अंक सोडला तर पाहणाऱ्याला फरकही कळणार नाही.

१८४४६७४४०७३७०९५५१६१५, हा आपला. सात तुकडे, बहुतेक लहान.

१८४४६७४४०७३७०९५५१६१६, हा नुसता चौसष्ट दोनांचा गुणाकार, दुसरं काही नाही त्याच्यात.

१८४४६७४४०७३७०९५५१६१७, हा फर्माचा सातवा. फक्त दोनच तुकडे, २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१, आणि दोन्ही मूळ. इथं पाढा २५६ चा, आणि लहान तुकडा येतो त्या पाढ्यात १०७१ व्या जागी. ऑयलरला दहाव्या जागी मिळालं होतं, इथं हजाराच्या पुढे, म्हणून फ्रान्सच्या लँड्रीनं हे तुकडे १८८० मध्ये छापले, तो तेव्हा बराच म्हातारा होता.

म्हणजे आकडा किती मोठा याच्यावरून तो फोडायला किती जड हे कळत नाही. एकाच बांधाला तीन वावरं, एकात काळी कसदार, एकात मुरूम, एकात नुसता खडक, तसं.

पटाला चौसष्टच्या ऐवजी कमीजास्त घरं असती तर?

मग पाहा कसा खेळ बदलतो ते. तीन घरं कमी करा. एकसष्ट घरांची बेरीज २३०५८४३००९२१३६९३९५१, आणि ही मूळ संख्या आहे! फुटतच नाही. हे १८८३ मध्ये सिद्ध केलं पेरवुशिन नावाच्या रशियातल्या खेड्यातल्या पाद्र्यानं. खेड्यातला माणूस, कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, का ते सांगायला नको.

आता उलट, तीन घरं वाढवा, सदुसष्ट. बेरीज १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मर्सेन नावाचा साधू १६४४ मध्ये म्हणून गेला होता की ही मूळ आहे. लुकासनं १८७६ मध्ये दाखवलं की मूळ नाही, पण तुकडे कोणते हे त्यालाही माहीत नव्हतं (हे होऊ शकते, चोर घरात आहे हे कळते पण कोण ते कळत नाही). मग १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितींच्या सभेत कोल नावाचे प्रोफेसर उठले, फळ्यावर एका बाजूला हा आकडा काढला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा शाळेतला उभा गुणाकार केला, दोन्ही उत्तरं सारखी, आणि तोंडातून एक शब्द न काढता जागेवर जाऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला विचारलं तर म्हणे तीन वर्षांचे रविवार, असं सांगतात.

चौसष्ट घरं सहज फुटतात कारण ६४ ला अर्धं अर्धं करत जाता येते. ६१ आणि ६७ स्वतः मूळ आहेत, त्यांना मधोमध रेघ मारायला जागाच नाही. पण घरांची संख्या मूळ असली म्हणजे ढीग मूळ असेलच असं नाही, हे लक्षात ठेवा. अकरा घरांचा ढीग २०४७, तो २३ गुणिले ८९. पटावर फक्त नऊ ठिकाणी थांबलं तर ढीग मूळ येतो: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ व्या घरावर. एकतिसाव्याचं १७७२ मध्ये ऑयलरनंच दाखवलं.

आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या पण अशीच आहे, फक्त पटाला १३६२७९८४१ घरं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी. ती छापायची झाली तर माझ्या झेरॉक्स मशीनचा टोनर दम तोडेल.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भलतंच काही दाखवते, एक्सेलमध्ये शेवटी शून्य येतात. आकडा चुकला काय?

आकडा बरोबर, मशीनची वही लहान आहे. एक्सेल फक्त पंधरा अंक धरते, त्याच्या पुढचे शून्य करून टाकते, म्हणून १८४४६७४४०७३७०९५००००० असं दिसते. हे मला दुकानात आधी फटक्यातून कळलं होतं, एका यादीत सोळा अंकी नंबर टाकले, शेवटचा अंक सगळ्यांचा शून्य झाला, आणि ते आठ दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून लांब नंबर टाकायच्या आधी सेलला टेक्स्ट करून घेतो, तुम्हीही घ्या.

पायथॉन (प्रोग्राम लिहायची भाषा) असेल तर पूर्ण आकडा देते. लिनक्सवर फॅक्टर नावाची कमांड आहे, तिला आकडा द्या, सातही अवयव डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि हा आकडा कॉम्प्युटरच्या ओळखीचाच आहे, ६४ बिटांचा म्हणतात त्या डब्यात उणे चिन्ह नसेल तर याच्यापेक्षा मोठी संख्या मावतच नाही, एक मिळवला की मीटर परत शून्यावर, स्कूटरच्या किलोमीटरसारखं.

याचा उपयोग काय? पोट भरते का यानं?

माझं तर थोडं भरते, क्लासची फी येते. मजाक सोडा. डिजिटल सहीचा सातबारा माझ्याच दुकानातून छापून नेता ना, त्या सहीच्या मागे अशाच जातीचं गणित असते. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी एक कुलूप काढलं: दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणा, गुणाकार जगाला सांगा, अवयव लपवून ठेवा. गुणणं सोपं, फोडणं महाकठीण. आपल्या पटासारखी घडण दिसली की फुटते, म्हणून तिथं मुद्दाम घडण नसलेल्या संख्या घेतात. २५० अंकी अशी एक संख्या २०२० मध्ये फोडली, त्यालाही ढीगभर कॉम्प्युटर लागले. आजकाल कुलपाला ६१७ अंकी वापरतात.

आणि हे ऐका, या कुलपांच्या किल्लीत एक ठरलेला आकडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, तो कोणता? ६५५३७. आपल्याच पटाचा सहावा अवयव. दोन अंकी पद्धतीत त्याच्यात दोनच एक आहेत, मध्ये सगळे शून्य, म्हणून हिशेब लवकर होतो.

काशीच्या देवळातल्या सोन्याच्या चकत्यांची गोष्ट खरी आहे का?

नाही. काशीच्या देवळात चौसष्ट चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवतात, संपल्या की जग बुडते, ही गोष्ट १८८३ मध्ये लुकासनं, हाच वरचा, एक खेळणं काढलं त्याच्यासोबत आली. चाली मात्र बरोबर आपल्याच आकड्याइतक्या लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर ५८ हजार ४०० कोटी वर्षांच्या वर. विश्वाचं वय १३८० कोटी सांगतात. निवांत पेरणी करा.

सतरा बाजूंची आकृती आणि याचा काय संबंध?

गाउस नावाच्या जर्मन गणितीनं १७९६ मध्ये, वय अठरा, दाखवलं की सतरा समान बाजूंची आकृती नुसत्या पट्टी-कंपासनं काढता येते. विषम बाजूंपैकी ज्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांच्यातून वेगवेगळे घेऊन गुणल्यावर येतात त्याच जमतात असं माहीत आहे. त्यातली सगळ्यात मोठी, पाचही गुणून, ४२९४९६७२९५ बाजूंची. अर्ध्या पटाचे दाणे. काढून पाहू नका, तो गोल गोलच दिसेल.

दहावीच्या पेपरात येते का हे?

नाही. दहावीत अंकगणिती श्रेढी आहे, दर वेळी सारखंच मिळवायची. ही गुणायची, ती पुढच्या वर्गात.

घरी पोरांसोबत दाणे मांडून पाहायचं आहे, कसं करू?

तूर घ्या, सोललेली डाळ नको, ती मोजताना फुटते आणि अर्ध्या दाण्यावरून भांडणं होतात. पट मोठा असला तरी आठव्या घराचे १२८ दाणे घरात मावत नाहीत, शेजारच्या घरात सांडतात, म्हणून पहिली ओळ पटावर आणि नवव्यापासून द्रोण लावा. दहा घरं मिळून १०२३ दाणे, एवढे मोजायला आम्हाला दोन पोट्टे आणि पाऊण तास लागला, मधात कोणाची तरी बकरी आत आली आणि नववं घर खाऊन गेली, ते परत मोजावं लागलं. अकराव्या घरापासून मोजू नका, काट्यावर शंभर ग्रॅम, मग दोनशे, मग चारशे असं करत जा. सोळाव्या घराला सव्वातीन किलो लागते. त्याच्या पुढे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय जाऊ नका.